बाळाच्या डोळ्यात काहीतरी शंका आहे म्हणाले डॉक्टर... नक्की कळेपर्यंत काय काय करायचं

दीड महिन्याच्या लसीला बाळाला नेलेलं असतं, वजन होतं, इंजेक्शनं होतात, रडारड होते, आणि सगळं आवरत असताना डॉक्टर डोळ्यात बॅटरी मारून बघतात आणि म्हणतात एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. काय झालंय विचारलं तर "काही नाही हो, जरा शंका आली म्हणून". घरी पोचेपर्यंत आपलं गुगल करून झालेलं असतं आणि रात्री तीन वाजता दूध पाजताना मोबाईलवर जे काय वाचलं जातं ते तर विचारूच नका.

हे लिहिलंय ते त्या मधल्या दिवसांसाठी. आमच्या मुलीला एका डोळ्यात जन्मापासूनचा मोतीबिंदू निघाला त्यामुळे त्याबद्दल जरा जास्त लिहिलंय, बाकीचं ओपीडीच्या बाकड्यांवर बसून इतर आईवडिलांकडून आणि डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून कळलेलं. मी डॉक्टर नाही, तपासणी ती तपासणीच, पण कुणाला काय विचारायचं आणि किती घाई करायची एवढं कळलं तरी पुष्कळ.

घाईचं आधी सांगते कारण सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे. बाळ जन्मतं तेव्हा मेंदूला बघायला अजून शिकायचं असतं आणि ते शिकणं पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जोरात चालतं. त्या काळात एका डोळ्यातून नुसतं धूसरच जात राहिलं तर मेंदू त्या डोळ्याकडे लक्ष देणं सोडून देतो, मग पुढे डोळा दुरुस्त केला तरी नजर पूर्ण येत नाही. आजोबांचा मोतीबिंदू "पिकू दे" म्हणून वर्षभर थांबला तरी चालायचं, बाळाचा थांबत नाही. त्यामुळे "मोठं झालं की होईल ठीक" हे वाक्य डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळा आतून बघून म्हटलं तर ऐकायचं, बाकी कोणीही म्हटलं तर हो हो म्हणायचं आणि अपॉइंटमेंट घ्यायची.

आधी हे विचारा: तुम्हाला नेमकं काय दिसलं?

बालरोगतज्ज्ञांच्या केबिनमधून उठायच्या आधी हा प्रश्न विचाराच, आणि विसरलात तर त्याच संध्याकाळी फोन करा. "डोळ्यात प्रॉब्लेम" यातून काहीच कळत नाही. कुठला डोळा, काय दिसलं, आणि किती दिवसांत दाखवायचं, या तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहून मागा. ती चिठ्ठी पुढे मोठ्या हॉस्पिटलात नंबर लवकर लागायला पण उपयोगी पडते.

बहुतेक वेळा उत्तर असतं की रेड रिफ्लेक्स नीट आला नाही. हे काय असतं तर अंधाऱ्या खोलीत हातभर अंतरावरून एका छोट्या यंत्राने डोळ्यात उजेड टाकतात, तो आतल्या पडद्यावरून म्हणजे रेटिनावरून परत येतो आणि बाहुली लालसर केशरी चमकते, फोटोत फ्लॅशने डोळे लाल येतात ना तसंच. आपल्याकडच्या बाळांमध्ये तो रंग जरा फिका किंवा पिवळसर असू शकतो, महत्त्वाचं हे की दोन्ही डोळे सारखे दिसले पाहिजेत. वाटेत काही अडथळा असेल तर काळा डाग दिसतो, किंवा चमक येतच नाही, किंवा पांढरं दिसतं. कधीकधी बाळ नुसतं झोपाळलेलं असतं किंवा बाहुली फार बारीक असते म्हणून पण नीट दिसत नाही, म्हणजे शंका आली म्हणजे आजार आहेच असं नाही, पण ते ठरवायचं काम आपलं नाही.

किती घाई करायची ते साधारण असं.

बाहुलीत पांढरं किंवा राखाडी दिसतंय, किंवा बुबुळ मोठं आणि धुरकट दिसतंय, डोळ्यातून सारखं पाणी येतं आणि बाळ उजेडात डोळे घट्ट मिटून घेतं, तर एकदोन दिवसांत दाखवायचं, रविवार मध्ये आला तरी सोमवारी सकाळी तिथे हजर. पहिल्या महिन्यातल्या बाळाच्या पापण्या सुजून डोळ्यातून पू येत असेल तर त्याच दिवशी. डोळे सारखे थरथरतात, एक डोळा कायम आत किंवा बाहेर असतो, पापणी बाहुलीवर येऊन बसलीय, किंवा तीन महिन्यांचं झालं तरी तोंडाकडे बघत नाही, यासाठी त्याच आठवड्यात नाहीतर फार तर पुढच्या. आणि नुसतं पाणी आणि चिपडं येतात, डोळा पांढरा स्वच्छ आहे, बाळ उजेडात छान बघतं, तर बऱ्याचदा अश्रूंची नळी उघडलेली नसते, ती बहुतेक बाळांची वर्षाच्या आत आपोआप उघडते. त्याला मालिश असते, नखं कापलेल्या स्वच्छ बोटाने डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर दाबून नाकाच्या कडेने खाली आणायचं, पण एकदा डॉक्टरांकडून हात कसा ठेवायचा ते बघूनच करा कारण बरेच लोक नुसतं नाक चोळत बसतात.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वेगळं आहे. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर शंका असो नसो, जन्मापासून ३० दिवसांच्या आत रेटिनाची तपासणी व्हायलाच हवी, आणि अगदीच लवकर आलेल्या, २८ आठवड्यांच्या आतल्या किंवा १२०० ग्रॅमच्या आतल्या बाळांची तर दोनतीन आठवड्यांतच. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या रेटिनाचा आरओपी नावाचा आजार यात शोधतात, म्हणून याला आरओपी तपासणी म्हणतात. एनआयसीयूतून म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून डिस्चार्ज मिळाल्याच्या आनंदात ही तारीख निसटते, डिस्चार्ज कार्डावर लिहिली नसेल तर विचारा.

घरी काय बघायचं आणि काय नाही

जन्मलेल्या बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचं बऱ्यापैकी दिसतं, म्हणजे दूध पिताना आईचं तोंड. दीडदोन महिन्यांत ते तोंडाकडे टक लावायला लागतं, बघून हसतं, तोंड हललं की डोळे मागे येतात. तीनचार महिन्यांपर्यंत मधूनच डोळे तिरळे होणं चालतं, कायम तिरळा राहणं चालत नाही. तिरळा म्हणजे भाग्यवान असं कुणी म्हटलं तर चहा द्या त्यांना, बाकी काही बोलू नका.

बघायचं असेल तर दिवसातून एकदाच, बाळ पोटभर प्यायलेलं आणि जागं असताना. तुमचं तोंड फूटभर अंतरावर न्या, काहीही आवाज न करता हळूच डावीकडे उजवीकडे हला. आवाज करायचा नाही हे महत्त्वाचं, खुळखुळा वाजवला की बाळ आवाजाकडे वळतं आणि घरातले सगळे म्हणतात बघ बघ दिसतंय की त्याला! मग एक डोळा तळहाताने अलगद झाकून बघा, नंतर दुसरा. एक डोळा झाकला की शांत आणि दुसरा झाकला की किरकिर, हात ढकलायला बघतं, असं दरवेळी होत असेल तर किरकिर करताना उघडा राहिलेला डोळा कमजोर असू शकतो. याचा मोबाईलवर छोटा व्हिडिओ घ्या, ओपीडीत बाळ नेमकं झोपलेलं असतं तेव्हा तो कामाला येतो.

फ्लॅशच्या फोटोंबद्दल खूप जण घाबरतात. एखाद्या फोटोत एक डोळा पांढरा आला तर तो नुसता कोनाचा खेळ पण असू शकतो, बाळ जरा नाकाकडे बघत असेल तर उजेड नेमका डोळ्यातल्या नसेच्या पांढऱ्या जागेवर पडतो. पण वेगवेगळ्या फोटोंत तोच डोळा पांढरा येतोय तर ते फोटो जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. त्यासाठी बाळाच्या तोंडावर दिवसभर फ्लॅश मारत बसू नका मात्र, जुने फोटो चाळा, बारशाचे निघतातच शंभर!

काजळ बंद. आजी घरी केलेलं म्हणेल, बदामाचं म्हणेल, तरी बंद, काही काजळ सुरम्यात शिसं सापडतं आणि बोटाने जंतू जातात ते वेगळंच. मध, गुलाबपाणी, एरंडेल, आईचं दूध, कशाचाच थेंब डोळ्यात नको. तीट लावायची तर गालावर लावा, दृष्ट काढायची तर काढा, त्याने डोळ्याचं काही बिघडत नाही आणि आजीचा जीव पण शांत होतो.

कुठे जायचं

चष्म्याच्या दुकानात नाही, आणि शक्यतो फक्त मोठ्यांचे मोतीबिंदू करणाऱ्या क्लिनिकमध्ये पण नाही. लहान मुलांच्या डोळ्यांचे डॉक्टर वेगळे असतात, फोनवर सरळ विचारा की वर्षाच्या आतलं बाळ तपासता का आणि ऑपरेशन लागलं तर इतक्या लहान बाळाला भूल द्यायची सोय आहे का. पुण्यात एच. व्ही. देसाई, ससून, मुंबईत जे. जे., गोव्यात बांबोळीचं जीएमसी, असे पर्याय लोक सांगतात, आणि नांदेडकडचे बरेच जण हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद या डोळ्यांच्या हॉस्पिटलला जातात कारण त्यांना ते पुण्यामुंबईपेक्षा जवळ पडतं.

पैशाची अडचण असेल तर सरकारचा बाल आरोग्य कार्यक्रम आहे, आरबीएसके म्हणतात. देशभराची सुरुवात २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच झाली होती. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि जन्मजात मोतीबिंदू आणि आरओपी दोन्ही त्याच्या यादीत आहेत. आशाताईंना किंवा अंगणवाडीत सांगा, किंवा सरळ जिल्हा रुग्णालयात डीईआयसी म्हणजे लहान मुलांच्या तपासणी आणि लवकर उपचारांचं केंद्र कुठे आहे विचारा. महात्मा फुले योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्रांच्या टेबलावर विचारायचं, ॲडमिट व्हायच्या आधी, नंतर कागद जमवताना फार पळापळ होते.

अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनंतरची मिळाली तर गप्प बसू नका. "दोन महिन्यांचं बाळ आहे, बाहुली पांढरी दिसतेय, बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी आहे" हे एवढंच वाक्य शांतपणे म्हणा, तरी नाही झालं तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांना त्यांच्याशी बोलायला सांगा. डॉक्टरने डॉक्टरला केलेल्या फोनने जे होतं ते आपल्या दहा फोनने होत नाही, हे आवडो न आवडो.

तपासणीच्या दिवशी

अर्धा दिवस जाणार हे धरूनच चाला. बाहुली मोठी करायला ड्रॉप्स घालतात, थोड्या थोड्या वेळाने परत परत, त्यात पाऊण तास तासभर सहज जातो. घरी घालायची वेळ आली तर थेंब टाकल्यावर नाकाकडचा कोपरा मिनिटभर हलका दाबून धरायचा, म्हणजे औषध अंगात कमी जातं. ड्रॉप्सनंतर डोळ्याभोवतीची कातडी पांढुरकी पडू शकते, घाबरू नका, पण चेहरा लाल झाला, अंग तापलं किंवा बाळ सुस्त वाटलं तर लगेच सिस्टरला सांगा.

दूध तपासणीच्या तासभर आधी पाजा, अगदी तोंडावर नको, कारण पापण्या उघड्या ठेवायला छोटा क्लिप लावतात, बाळ जोरात रडतं आणि सगळं ओकतं. दुपट्यात हात आत घेऊन घट्ट गुंडाळायचं. क्लिप बघून पोटात गोळा येतो, आधी सुन्न करायचे थेंब घातलेले असतात तरी दिसायला ते भयंकरच दिसतं. ज्याला बघवत नाही त्याने बाहेर थांबावं, त्यात काही कमीपणा नाही, आमच्याकडे बाबा आत आणि मी दाराबाहेर. सोबत दोन माणसं हवीत, एक बाळाला धरायला आणि एक डॉक्टर काय म्हणतात ते लिहून घ्यायला, कारण "मोतीबिंदू" शब्द ऐकल्यावर पुढचं काही कानात शिरत नाही. घरी जाताना टोपी किंवा पातळ ओढणी न्या, बाहुल्या काही तास मोठ्याच राहतात आणि ऊन सहन होत नाही.

कधीकधी पडदा दिसतच नाही, मग डोळ्याची सोनोग्राफी करतात, पोटाची करतात तशीच, पापणीवर जेल लावून, दुखत नाही. बाहुली पांढरी असताना पडदा बघितल्याशिवाय किंवा ही सोनोग्राफी केल्याशिवाय कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल तर विचारा की मागे गाठ नाही ना हे कसं बघितलंत.

आणि कधी म्हणतात भूल देऊन नीट बघू. ऐकूनच हातपाय गळतात पण बाळ हलतं म्हणून तेवढंच, डोळ्यातलं प्रेशर मोजणं, बुबुळाचं माप घेणं, पडदा कडेपर्यंत बघणं हे सगळं एकाच वेळी उरकतं. उपाशी ठेवायचा नियम साधारण असा की आईचं दूध ४ तास आधी बंद, वरचं दूध ६ तास आधी बंद, पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी दिलेली वेळ तीच खरी. पहाटेचा अलार्म लावून शेवटचं दूध पाजा आणि नंबर पहिला द्या अशी विनंती करा. सर्दी, कफ, ताप, नुकतीच झालेली लस, हे सगळं आदल्या दिवशीच फोन करून सांगायचं, तिथे जाऊन परत यायला नको. अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर भुलीनंतर रात्रभर ठेवून घेऊ शकतात, तयारीने जा.

काय काय निघू शकतं

मोतीबिंदू निघाला तर पहिला प्रश्न, एका डोळ्यात की दोन्ही, आणि तो नजर अडवतोय का. बारीक ठिपका असेल तर नुसतं लक्ष ठेवतात. दाट असेल तर एका डोळ्याचा साधारण सहा आठवड्यांच्या वयाला आणि दोन्हीचा आठदहा आठवड्यांच्या आत काढलेला बरा असं धरतात. बाळ त्याहून मोठं झालेलं असेल तर वाईट वाटून घेऊ नका, उशीर झालेल्यांचं पण करतात आणि फायदा होतो, फक्त आणखी उशीर करू नका. दुसरं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या पण त्याच आठवड्यात.

मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात कृत्रिम भिंग आत्ताच बसवणार का हा दुसरा प्रश्न. सगळे नातेवाईक म्हणतील मोठ्यांना बसवतात तसं बसवून टाका. अमेरिकेत एका डोळ्याचा मोतीबिंदू असलेल्या ११४ बाळांचा अभ्यास झाला, निम्म्यांना आत भिंग, निम्म्यांना कॉन्टॅक्ट लेन्स, साडेचार वर्षांची झाल्यावर नजरेत खास फरक दिसला नाही आणि भिंगवाल्यांना परत ऑपरेशनं मात्र जास्त लागली. म्हणून सहासात महिन्यांच्या आत बरेच डॉक्टर भिंग टाळतात आणि लेन्स किंवा जाड चष्मा देतात. एवढ्याशा बाळाला कॉन्टॅक्ट लेन्स हे ऐकून मला हसू आणि रडू एकदम आलं होतं, पण सिस्टर शिकवतात आणि जमतं.

काचबिंदू निघाला, म्हणजे डोळ्यातलं प्रेशर वाढलेलं, तर बाळांमध्ये नुसत्या थेंबांवर सहसा भागत नाही, ऑपरेशन लागतं. मोठे टपोरे डोळे म्हणून ज्याचं कौतुक होत असतं तो कधीकधी हा असतो. यातला एक प्रकार आनुवंशिक आहे, मामेबहिणीशी किंवा आतेभावाशी लग्न झालेलं असेल तर ते न लाजता सांगा, डॉक्टर न्याय करायला बसलेले नसतात.

सगळ्यात जास्त भीती ज्याची ती पडद्यावरची गाठ, रेटिनोब्लास्टोमा. दुर्मिळ आहे, साधारण १५ ते २० हजार जन्मांत एक. हा कॅन्सर आहे हे खरं, आणि लवकर सापडला तर जीव वाचायचं प्रमाण फार चांगलं आहे हेही खरं, बऱ्याच वेळा डोळा पण वाचतो. शंका असेल तर परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलसारख्या ठिकाणी लगेच, "आधी आयुर्वेदिक बघू" नाही. या डोळ्यात सुई घालून तुकडा काढत नाहीत, आणि सीटी स्कॅनपेक्षा एमआरआय बरा. भावंडांचे डोळे पण तपासून घ्यायचे.

आणि एक शक्यता अशी की डोळे एकदम नॉर्मल निघतात तरी बाळ बघत नाही. काही बाळांची नजर नुसती उशिरा जागी होते, चारसहा महिन्यांत सुधारते. काहींमध्ये मेंदूचा भाग असतो, जन्मताना गुदमरलं होतं किंवा साखर खूप कमी झाली होती, मग मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवतात आणि उजेड, काळंपांढरं चित्र, स्पर्श असं करून नजर जागवायचे व्यायाम लवकर सुरू करतात.

घरातली माणसं आणि आई

"ग्रहणात बाहेर गेली होतीस का", "मोबाईल बघत होतीस ना सारखी", हे येणारच. ग्रहणाने होत नाही, मोबाईलने होत नाही. गरोदरपणात रुबेला झाला तर मोतीबिंदू होऊ शकतो, १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नॉर्मन ग्रेग या डोळ्यांच्या डॉक्टरांनी ते पहिल्यांदा दाखवलं, म्हणून रक्त तपासतात. काहींमध्ये आनुवंशिक, काहींमध्ये दुधातली साखर न पचण्याचा गॅलॅक्टोसेमिया, आणि एकाच डोळ्याचा असेल तर बऱ्याचदा कारण सापडतच नाही. कारण शोधण्यात ऑपरेशन अडवून ठेवू नका, दोन्ही एकत्र चालतं.

घरात एकच माणूस ठरवा जो सगळ्यांना फोनवर सांगेल, आईने दहादा तीच गोष्ट सांगायची नाही. बाळंतिणीचं शरीर अजून भरलेलं नसतं, झोप नसते, त्यात हे. रडू थांबत नाही, भूक गेली, बाळाकडे बघवत नाही असं दोन आठवड्यांवर चाललं तर तिला स्वतःला डॉक्टरांना दाखवायचं. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीचा सरकारी फोन आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. आणि बाबा लोकांनो, तुम्ही फाईल घेऊन नुसते उभे राहता ना, तुमच्यासाठी पण आहे तो नंबर.

नक्की कळल्यावर

एक फाईल करा, तारखेप्रमाणे, प्रत्येक कागदाचा फोटो मोबाईलमध्ये. दर वेळी विचारायचे प्रश्न: आज नजर कशी आहे, प्रेशर किती, पुढची तारीख, आणि काय झालं तर तारखेची वाट न बघता यायचं.

एका डोळ्याचं असेल तर पट्टी लागणार, चांगल्या डोळ्यावर, म्हणजे मेंदू कमजोर डोळा वापरायला शिकतो. वर सांगितलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात आठ महिन्यांपर्यंत जितके महिने वय तितके तास रोज असा हिशोब होता, तुमचे डॉक्टर वेगळा देतील. ऑपरेशनपेक्षा हे अवघड, सांगून ठेवते. पट्टी दूध पिऊन झाल्यावर लगेच लावा, झोपेत लावलेली पट्टी हिशोबात येत नाही. काढताना कोमट पाण्याचा बोळा लावून सावकाश काढा, कातडी सोलली तर दोन दिवस लावता येत नाही आणि तेवढं मागे पडतं. हातात मोजे, खिडकीशी बसून गाड्या दाखवणं, जे चालेल ते. पाळणाघरातल्या ताईंना तासांचा तक्ता लिहून द्या.

बाकीच्या लसी वेळेवर चालू ठेवायच्या, ऑपरेशनच्या आसपासची तारीख फक्त दोन्ही डॉक्टरांना विचारून. आणि मोतीबिंदू काढलेल्या बाळांना पुढे कधीही, अगदी काही वर्षांनी पण, प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो, म्हणून डोळा छान दिसायला लागला तरी प्रेशरची तपासणी सोडायची नाही, शाळेत गेल्यावर पण नाही.